बारमाही पळणारे: कोल्हापूरच्या हवेत वर्षभराचा सराव कसा बसवता?

पंचगंगाकाठ

मंडळी, नमस्कार.

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन झाली की रंकाळ्यावर पळणारे निम्म्यावर येतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात आणखी गळतात आणि जूनचा पाऊस लागला की उरलेलेही घरात बसतात. मग साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन तोंडावर आली की सगळे एकदम जागे होतात आणि दोन महिन्यांचं राहिलेलं तीन आठवड्यांत भरून काढायला लागतात. त्यानंतर नडगी, टाच नाहीतर गुडघा धरून बसलेले जे दिसतात, ते बहुतेक याच घाईतले. नवीन येणारी पोरं-पोरी मन लावून पळतात, अंगानं तयारीची असतात, आणि वर्षाच्या आत दिसेनाशी होतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं, की हौशी माणसानं वर्ष शर्यतीवरून आखू नये, गावच्या हवेवरून आखावं. आणि कुठल्याही महिन्यात पळणं शून्यावर येऊ देऊ नये.

आपल्याकडं वर्षाचे सरळ तीन तुकडे पडतात. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरची उष्णता सरली की फेब्रुवारीपर्यंत थंडी, म्हणजे पळायला सगळ्यात चांगले दिवस, पण तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. मग मार्च ते मे ऊन आणि शेवटी वळीव. मी पावसाळ्यात अंतर कमी आणि ताकदीचा व्यायाम जास्त ठेवतो. थंडीत अंतर वाढवतो, जोराचं पळणंही तेव्हाच. उन्हाळ्यात वेळ बघून पळतो, वेग बघत नाही. शर्यत या चौकटीत बसली तर करतो, नाही बसली तर सोडतो.

शून्यावर का येऊ द्यायचं नाही ते सांगतो. पळणं पूर्ण थांबवलं की दोन-तीन आठवड्यांतच दम घटायला लागतो. रक्तातला पातळ भाग कमी होतो, हृदयाला एका ठोक्यात तेवढं रक्त ढकलता येत नाही. हा दम परत लवकर येतो, आणि खरी अडचण तिथंच आहे. हाडं आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) त्या वेगानं तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते चल, पोटरी अजून तयार नसते. माणूस छातीचं ऐकतो.

म्हणून माझा एक ‘तळाचा आठवडा’ ठरलेला आहे: तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, गप्पा मारता येतील अशा वेगानं. घरात लग्न असो, मार्चअखेर असो, पाऊस कोसळत असो, याच्या खाली यायचं नाही. याच्या वर जे होईल ते त्या त्या ऋतूप्रमाणे.

दुसरी सवय वेगाची. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली, स्नेलनं ८०० मीटरमध्ये आणि हॅलबर्गनं ५००० मीटरमध्ये. ८०० मीटर म्हणजे दोन मिनिटांच्या आत संपणारी शर्यत. तरी लिडियार्ड स्नेलला रविवारी डोंगरातून ३५ किलोमीटर पळवायचे. आधी महिनोन्‌महिने पाया, मग चढ, आणि वेग सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. रोज सकाळी जोडीदाराला मागं टाकायचं, रोज घड्याळ बघायचं. आठवड्यात पाच वेळा पळत असाल तर चार वेळा बोलत बोलत पळा. एकदाच जोर लावा.

तुम्ही कसं बसवता ते लिहा. मला विशेषतः जून ते सप्टेंबर लोक काय करतात ते ऐकायचं आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली

पटलं. पण हळू म्हणजे किती हळू? माझ्या घड्याळात हृदयाच्या ठोक्यांचे पट्टे दिसतात, दुसऱ्या पट्ट्यात राहायचं म्हटलं तर मला चालावंच लागतं. जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय असा हिशेब धरलाय.

पंचगंगाकाठ

दादा, २२० वजा वय हा सरासरीचा आकडा आहे. एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळं घड्याळ तुमचे पट्टे चुकीच्या जागी आखत असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय मनगटावरचं घड्याळ थंडीत आणि घामात पुष्कळदा भलतेच ठोके दाखवतं. सोपी परीक्षा: पळता पळता एक पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, शेजाऱ्याला सांगता आलं पाहिजे. एकटे असाल तर शाळेतली प्रतिज्ञा म्हणून बघा. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे.

आणि चालावं लागलं तर चाला की. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं करत तासभर बाहेर राहिलेला माणूस वीस मिनिटांत धापा टाकत घरी आलेल्यापेक्षा पुढं जातो. दोन-तीन महिन्यांत चालणं आपोआप कमी होतं.

घाटवाट

पावसाळ्याचं मी सांगतो. आमची चार-पाच जणांची टोळी जून ते सप्टेंबर पन्हाळा रस्ता सोडत नाही.

वाघबीळपर्यंत गाडीनं जायचं, तिथं गाडी लावायची आणि घाटानं वर. हा चढ पळण्यापेक्षा चढण्याचा आहे असं मनात धरावं. पावलं छोटी, नजर पुढच्या दहा-पंधरा फुटांवर, हात कमरेच्या वर. वेग बघायचाच नाही, श्वास बघायचा. वर पोचलं की पाच मिनिटं थांबून अंगावरचा ओला शर्ट बदलायचा, कारण पन्हाळ्यावरचा वारा आणि धुकं घाम झालेल्या अंगाला पटकन गारठवतं.

खरी शिकवणी उतारावर आहे. साताऱ्याची शर्यत पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढते आणि दुसऱ्या अर्ध्यात तोच उतरते. लोक चढाची तयारी करतात आणि उतारानं मरतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यामुळं दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पण याला शरीर लवकर सरावतं. एकदा बेतानं उतरून मांड्या दुखून गेल्या की पुढच्या काही आठवड्यांत त्याच उताराला निम्मंही दुखत नाही. म्हणून शर्यतीच्या आधी महिना-दीड महिना दोन-तीनदा उतार पळून घ्यावा, शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र नको. उतरताना टाच पुढं टाकून ब्रेक मारू नका. पाऊल अंगाखाली पडलं पाहिजे आणि पावलांची गती वाढली पाहिजे.

आता इशारा. धुक्यात गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. चमकणारं जॅकेट आणि पाठीवर लाल दिवा नसेल तर घाटात पाऊल टाकू नका. दरडीच्या बाजूनं पळू नका. आणि पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की पन्हाळ्याचा विचारच सोडायचा. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं, की हा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि पलीकडं अडकलात तर परतीची वाट नाही.

शाहूपुरी_३री

पावसात एवढी जिद्द कशासाठी? ट्रेडमिल आहे की. व्यायामशाळेत जाऊन एक टक्का चढ लावून पळलं की झालं.

घाटवाट

ज्याला जमतं त्यानं जरूर पळावं भावा, घरी बसण्यापेक्षा कधीही चांगलं. पण ट्रेडमिलवर उतार नसतो, वळण नसतं, ओबडधोबड जमीन नसते, आणि घोटा अशा जमिनीवरच तयार होतो. आठवड्यात दोन दिवस पट्ट्यावर, एक दिवस बाहेर असं केलंस तर दोन्ही साधेल.

तालीमवाला

मी पळणारा नंतर झालो, आधी आखाड्यातला. सांगायचं हे आहे की पळणाऱ्यांना ताकदीचा व्यायाम म्हणजे काहीतरी परकं वाटतं, यंत्रं पाहिजेत, ट्रेनर पाहिजे. कोल्हापुरात राहून असं वाटावं याचं नवल आहे. पेठेपेठेत तालीम आहे. जोर, बैठका, सपाट्या, दोरीवर चढणं, हे सगळं फुकट पडलेलं आहे.

बैठका चांगल्या, पण पळणाऱ्यानं शंभर-दीडशेच्या मागं लागू नये. तो दम झाला, ताकद नव्हे. ताकद पाहिजे तर थोड्या करा आणि जड करा. एका पायावर बसून उठणं. पाठीवर वाळूची पिशवी नाहीतर पाठपिशवीत दहा किलो तांदूळ घेऊन पायरीवर चढ-उतार. आठ-आठच्या तीन फेऱ्या, शेवटची दोन जड गेली पाहिजेत. आठवड्यात दोन दिवस, बास. आमचे वस्ताद म्हणायचे, उद्या परत करता येईल एवढीच मेहनत आज कर.

पोटरीकडं सगळे दुर्लक्ष करतात. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच वर-खाली, आधी गुडघा सरळ ठेवून, मग थोडा वाकवून. वाकवल्यावर खालचा, आतला स्नायू काम करतो, आणि पळताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावर येतो. एका पायावर सलग पंचवीस निघत नसतील तर तुमची पोटरी लांब पळायला अजून कच्ची आहे असं मी तरी धरतो.

पावसाळा याच्यासाठीच आहे. बाहेर चिखल, आत मेहनत.

नडगी_ते_नितंब

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज पळणारे बघते. तालीमवाले दादा म्हणतात ते शब्दाशब्दाला बरोबर आहे.

टाचेमागचं अकिलीस टेंडन दुखणाऱ्यांसाठी टाच पायरीखाली सावकाश उतरवण्याचा व्यायाम स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या सर्जननी १९९८ मध्ये मांडला: १५ च्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आज आम्ही त्यात माणसाप्रमाणे बदल करतो, पण गाभा तोच आहे. लोक काय करतात, दोन आठवड्यांत दुखायचं कमी झालं की सोडून देतात. बारा आठवडे म्हणजे बारा आठवडे. टेंडन सावकाश बदलतं, त्याला पर्याय नाही. दुखणं टाच जिथं हाडाला चिकटते तिथं असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा.

नडगीचं दुखणं नीट ओळखा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्ट्यात ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुधा ताणाचं आहे. अंतर कमी करून, पोटरी बळकट करून बरं होतं. पण एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी हाडावर दुखत असेल, पळताना वाढत जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडं. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत ती एक्स-रेवर पुष्कळदा दिसत नाही. त्यामुळं ‘एक्स-रे चांगला आलाय’ म्हणून परत पळायला लागू नका, डॉक्टरांना पुढच्या तपासणीबद्दल विचारा.

दर आठवड्याला दहा टक्केच वाढवायचं, हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी २००८ मध्ये नव्या धावपटूंवर तो तपासला. हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि नेहमीच्या गटात जायबंदी होणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, साधारण पाचांत एक. मग २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंचा अभ्यास आला, त्यात धोका दिसला तो एकाच पळण्यात केलेल्या उडीचा. म्हणजे मागच्या तीस दिवसांतलं तुमचं सगळ्यात लांबचं पळणं जेवढं, त्यापेक्षा आज दहा टक्क्यांहून जास्त पळलात की दुखापतीची शक्यता वाढते. माझ्याकडं येणारेही हेच सांगतात. आठवडाभर काही नाही आणि रविवारी मित्रांबरोबर एकदम अठरा.

ऊसकरी

मी शिरोळकडचा. शेती आहे, आणि पळतो. धागाकर्त्यांनी गळीत हंगामाचा उल्लेख केला म्हणून बरं वाटलं, शहरातल्या लोकांच्या हे ध्यानात येत नाही.

नोव्हेंबरपासून पहाटे रस्त्यावर ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. मागं दिवा असेलच असं नाही. ट्रॅक्टर तुम्हाला चुकवून पुढं गेला तरी मागची ट्रॉली वळणावर आत येते, आणि माणूस सापडतो तो तिथं. ड्रायव्हर रात्रभर कारखान्याच्या नंबरात थांबून आलेला असतो, त्याच्या डोळ्यात झोप असते. त्यामुळं हंगामात समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं पळा, कानात काही घालू नका, आणि ट्रॉली दिसली की रस्ता सोडून साइडपट्टीवर उभं राहा. दोन मिनिटं गेली तर गेली. रस्त्यावर पडलेल्या उसावर पाय पडला तर घोटा फिरतो, तेही बघा.

दुसरं धुराचं. पाचट पेटवतात, गुऱ्हाळाच्या चुलाण्याचा धूर असतो. थंडीत पहाटे जमिनीलगत गार हवा बसलेली असते, धूर वर जात नाही. रानातून जाताना धुराचा थर डोळ्यांनी दिसत असेल तर त्या दिवशी जोराचं पळू नका. तासभर थांबून ऊन आल्यावर पळालात तर हवा बरी असते. दमेकऱ्यांनी तर हे पाळावंच.

आणि खंड पाडू नका हे अगदी खरं. उसाला महिनाभर पाणी तोडलं आणि मग एकदम पाट फोडला तर पीक सुधारत नाही, मुळं कुजतात. थोडं पण पाळीनं पाणी पाहिजे.

पहाट_पाचची

बायकांच्या बाजूनं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सगळे म्हणतात पहाटे पळा. पहाटे पाचला अंधारात एकटीनं रंकाळ्याच्या मागच्या बाजूला पळायचं की नाही, हा प्रश्न पुरुषांना पडत नाही. आम्ही तिघी-चौघींनी त्याच्यावर वेळ ठरवून तोड काढली आहे. थंडीत उजाडतं उशिरा, तेव्हा विद्यापीठाचा परिसर आणि उजाडल्यावरच. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जी येईल ती येईल, पण कमीत कमी दोघी असल्याशिवाय निघायचं नाही. एकटीवर वेळ आली तर घराजवळच्या दोन गल्ल्यांत अर्धा तास फेऱ्या. कंटाळवाणं आहे, पण तळाचा आठवडा सांभाळला जातो. नवऱ्यांनी आणि सासूबाईंनी त्या वेळी घरातला चहा-डबा बघितला तर वर्षभराचा सराव आपोआप बसतो, हेही इथं लिहून ठेवते. घरातल्या पुरुषांनी वाचावं म्हणून.

कुत्री. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, थांबायचं. पाठ न दाखवता, डोळ्यात न बघता हळूहळू बाजूला व्हायचं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दम लागतोय, पाय जड झालेत, झोप पुरत नाही, सराव करूनही वेग घटतोय, असं होत असेल तर आधी रक्त तपासा. नुसतं हिमोग्लोबिन नव्हे, फेरिटिनही. हिमोग्लोबिन ठीक असतं आणि अंगातला लोहाचा साठा तळाला गेलेला असतो, असं पळणाऱ्या बायकांत फार दिसतं. माझ्या बाबतीत दोन ठिकाणी ‘वय झालं, कामाचा ताण आहे’ असं सांगून परत पाठवलं होतं. तिसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन सांगितलं आणि कारण सापडलं. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या, चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या. पाळी महिनोन्‌महिने चुकत असेल तर ते ‘फिट’ असल्याचं लक्षण समजू नका. खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजतायत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

नडगी_ते_नितंब

ताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. हाडाला चीर गेलेल्या मुलींना मी पहिला प्रश्न पाळीचाच विचारते.

गूळ_शेंगदाणा

खाण्यापिण्याचं थोडं. तासाभराच्या आतल्या सावकाश पळण्याला वेगळं काही खावं लागत नाही. दीड तासाच्या वर गेलात तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. गुळाचे खडे चालतात, पण सोबत पाणी पाहिजे. जेल परवडत नाही म्हणून लांब पळणं टाळणारी पोरं बघितली आहेत, त्यांनी केळं आणि गूळ खिशात टाकून बिनधास्त निघावं. शर्यतीत जे खाणार ते सरावात आधी खाऊन बघायचं, एवढं पाळा.

उन्हाळ्यात घरचं मीठ-साखर-पाणी: एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट भरून. लिंबू पिळा. पण तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसू नका. चार-पाच तास पळणारे प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पितात, रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, आणि लोक पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाजतात. हे जिवावर बेततं.

एप्रिल-मेमध्ये पहिले दहा-पंधरा दिवस वेग पडला तर घाबरू नका. शरीर उन्हाला सरावायला तेवढा वेळ घेतं. मग घाम लवकर सुटतो, ठोके खाली येतात. पळून आल्यावर नाचणीची आंबील, रात्री कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दुधाऐवजी तापवलेलं दूध. झोप सात तास. एवढ्यावर माझं वर्ष निघतं.

निवृत्त_मास्तर

मी साठी ओलांडलेला. उशिरा सुरू केलं, तरी पळतो. तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

या वयात सलग दोन दिवस पळण्यापेक्षा एक दिवस पळणं, एक दिवस चालणं-पोहणं असं मानवतं. जोराचं पळणं पूर्ण सोडू नये, कारण ते सोडलं की वेग पटकन जातो. पण दहा दिवसांतून एकदा पुरे. चढावर वीस-वीस सेकंद पळायचं, चालत खाली यायचं, सहा वेळा. पुईखडीचा चढ याला उत्तम आहे.

आणि छाती. पळताना छातीत आवळल्यासारखं होणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, चक्कर येणं, नेहमीच्याच चढावर अचानक दम लागणं, यांतलं काहीही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणून घरी जाऊन सोडा पिऊ नका. तसंच थेट डॉक्टरांकडं. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यानं, घरात हृदयविकार असेल त्यानं, बी.पी.-साखर असेल त्यानं आधी तपासून घ्यावं. ताप असताना कोणीच पळू नये.

नव्या पोरांना मी फडेप्पा चौगुले यांचं नाव सांगतो. शेजारच्या बेळगावचे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत आपली ग्रामीण मुलं पळताना पाहून सर दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचा घाट घातला. त्यात चौगुले मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. या मातीत लांब पळण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, ती मुंबईहून पदक घेऊन आल्यावर सुरू झालेली नाही.

शाहूपुरी_३री

धागाकर्त्यांना एक विचारतो. परदेशातले मोठे खेळाडू मोठ्या शर्यतीनंतर दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवतात म्हणे. तुम्ही म्हणता शून्यावर यायचंच नाही. मग विश्रांती कधी?

पंचगंगाकाठ

चांगला मुद्दा काढलात. पूर्ण मॅरेथॉननंतर दहा दिवस ते दोन आठवडे मीही पळत नाही, चालतो. ते जाणूनबुजून घेतलेलं असतं आणि परत सुरू करायची तारीख ठरलेली असते. आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पळणाऱ्याला मोठी सुटी लागते. आपण तीस-चाळीस पळतो. माझा विरोध त्या सुटीला आहे जी कोणी घेत नाही, नुसती लागते. जानेवारीत ‘आता थोडे दिवस आराम’ म्हटलं आणि जून उजाडला.

दर चौथ्या आठवड्यात अंतर तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा, विश्रांती तिथं मिळते. झोप कमी झाली असेल त्या दिवशी जोराचं पळणं रद्द करून सावकाश पळा.

पावसाळ्याचं एक राहिलं. ओले बूट उन्हात किंवा गिझरवर वाळवू नका, गोंद सुटतो. आतला तळ काढायचा, रद्दीचे बोळे भरायचे, दोन तासांनी बदलायचे. दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यासाठी पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणं हाच पहिला उपाय. खाज सुटली, कातडी पांढरी पडली तर बुरशीचं मलम. जांघेत आणि काखेत निघायच्या आधी व्हॅसलीन.

आणि पुराच्या पाण्यातून पळणं, चालणं दोन्ही नको. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको की त्या पाण्यात काय काय असतं. पायाला साधी खरचट असली तरी लेप्टो होऊ शकतो. पाण्यातून जावंच लागलं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

नवखा_कळंबा

सगळा धागा वाचून काढला. मी अजून एकदाही पळालेलो नाही. वय ३४, बसून काम, वजन जास्त. पाऊस सुरू आहे. ऑक्टोबरपर्यंत थांबू का? आणि बूट कुठले घेऊ?

तालीमवाला

थांबू नको भावा. उद्या सकाळी कळंबा तलावाकडं चालत जा आणि ये.

नडगी_ते_नितंब

बूट: दुकानात संध्याकाळी जा, पाय दिवसभरात थोडे फुगलेले असतात. पायाच्या अंगठ्यापुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दोन-तीन जोड घालून दुकानातच पळून बघा, जो पायात आहे हे विसरायला होतं तो घ्या. महागाचाच चांगला असं नसतं. कोल्हापुरी घालून रोज फिरत असाल तर चप्पल आवडीची असू दे, पण पळून आल्यावर दिवसभर मऊ तळाचं काहीतरी वापरा. टाच धरायला ते एक मोठं कारण असतं.

पंचगंगाकाठ

ऑक्टोबरची वाट बघू नका. पहिले तीन आठवडे फक्त चालणं, अर्धा तास, आठवड्यात चार दिवस. चौथ्या आठवड्यापासून एक मिनिट सावकाश पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, आठवड्यात तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. दर आठवड्याला पळण्याचं मिनिट अर्ध्या-एक मिनिटानं वाढवा. जड गेलं तर तोच आठवडा परत करा. सोबत तालीमवाल्यांनी सांगितलेला टाच वर-खालीचा व्यायाम, पहिले काही दिवस दोन्ही पायांवर. वजन जास्त आहे म्हणता तर आधी एकदा बी.पी. आणि साखर बघून घ्या.

रविवारी आमचा सावकाश गट सहाला रंकाळ्यावर संध्यामठापाशी जमतो, पाऊस असला तरी. चालणारेही असतात. छत्री नको, टोपी आणा, डोळ्यांवर पाणी येत नाही.